ग्रहणात कापलेला पाव

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची सवय आपोआप होते. एक तोफखान्याच्या शाळेच्या सरावाचे दणके आणि दुसरी भल्या सकाळी बेकरीतून येणारा पावाचा वास. कॅम्पातलं पावाचं गिऱ्हाईक गोऱ्या सोल्जरांपासूनचं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत ते इथे महिनोन्‌महिने पडून असत. कंटाळ्याने आणि उन्हाने त्यातल्या काहींची डोकी फिरत, आणि म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणू लागले. आपल्या देवळालीचाच तो अपभ्रंश. सोल्जर गेले, पाव राहिला. बँकेतून निवृत्त होऊन मी इथल्या वडिलोपार्जित घरात परतलो त्याला सहा वर्षं झाली. सकाळी फिरून येताना पाव आणणं हे माझ्याकडे असलेलं एकमेव घरकाम.

या पावाची एक गोष्ट मी पंचेचाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत लोकांची गुपितं फोडली, पण हे एक तसंच ठेवलं. आज सांगतो आहे, कारण गेल्या दिवाळीत त्या गोष्टीला एक वेगळंच टोक सापडलं. ते सापडलं यीस्टमुळे.

१६ फेब्रुवारी १९८०. शनिवार. त्या दिवशी दुपारी सूर्यग्रहण होतं. कारवारच्या बाजूने निघून कोणार्क-पुरीपर्यंत गेलेल्या पट्ट्यात ते खग्रास दिसलं. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास होतं, भीती मात्र खग्रास होती. रस्ते ओस पडले होते, खिडक्यांना पडदे लागले होते. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, बँकेत कारकून म्हणून नुकता चिकटलेला. शनिवारची अर्ध्या दिवसाची बँक उरकून घरी आलो तो अंगात ताप घेऊनच.

घरात ताई होती. पहिलटकरीण, सातवा महिना, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. आईने तिला मधल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. कापायचं नाही, चिरायचं नाही, सुईला हात लावायचा नाही, नुसतं देवाचं नाव घेत बसायचं. आई-बाबा देवघरात. मला ग्लानी आलेली, सकाळपासून पोटात काही नव्हतं. ताई उठली, स्वयंपाकघरात गेली, विळी घेतली, सकाळी आणलेल्या पावाचे दोन जाड तुकडे केले आणि दुधात बुडवून मला भरवले. बाहेर ऊन फिकट, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं पडलं होतं. एवढंच मला आठवतं.

एप्रिलमध्ये ताईला मुलगी झाली. बाळ दूध ओढेना. हातपाय सारखे झटके दिल्यासारखे हलत. महिने गेले तसं लक्षात आलं की मान धरत नाही आणि डोकंही वाढत नाही. आधी नाशिकच्या, मग मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. ‘मेंदूची वाढ नाही’ यापलीकडे कुणी काही सांगू शकलं नाही आणि त्या काळात सांगता येण्यासारखंही नव्हतं. सव्वा वर्षाची होऊन ती गेली.

मग तो प्रश्न आला. ताईच्या सासरी, चार बायकांसमोर तिला विचारण्यात आलं, “ग्रहण पाळलं होतंस ना गं?” ताईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “पाव कापला होता.” कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही. मी पलीकडे ओसरीवर बसलो होतो, शब्दन्‌शब्द ऐकत होतो. मीही सांगितलं नाही.

पुढे तिला मुलगा झाला, धडधाकट. संसार झाला, घर झालं. पण ‘हिने ग्रहणात कापलं होतं’ हे एक वाक्य तिच्या खात्यावर कायमचं नावे पडलं. तसं कुणी रोज बोलून दाखवत नव्हतं. पण काही कर्जांची आठवण करून द्यायला नोटीस पाठवावी लागत नाही, ऋणकोला ती पाठ असतात.

आता दिवाळीकडे येतो. माझी मुलगी पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. काम कशावर, असं कुणी विचारलं की मी ‘यीस्टवर’ असं सांगतो आणि समोरचा हमखास विचारतो, “म्हणजे बेकरी का?” मलाही त्याहून फारसं ठाऊक नव्हतं. दिवाळीत ती घरी आली, मी आणलेला पाव तिने चहात बुडवला, आणि मी सहज विचारलं, “काय गं, या यीस्टमध्ये एवढं आयुष्य घालवण्यासारखं आहे तरी काय?” ती हसली. म्हणाली, “बाबा, तुम्ही आयुष्यभर सह्या ओळखल्या. यीस्टच्या पेशीत तेच चालतं. कोण कुणाला कसं ओळखतं, ते मी बघते.” मग त्या सकाळी तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत मांडतो.

यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. द्राक्षाच्या सालीवरही त्याचे भाईबंद असतात, आणि आपल्या नाशिकची वाइन व कॅम्पातला पाव ही एकाच यीस्टच्या जातीची कामगिरी आहे. या एवढ्याशा पेशीलाही जगण्यासाठी हजारो प्रकारची प्रथिनं बनवावी लागतात. कोणतं प्रथिन कसं बनवायचं ते डीएनएच्या मूळ पोथीत लिहिलेलं असतं. पोथी तिजोरीतून बाहेर काढायची नाही, म्हणून हवी तेवढी नक्कल उतरवून घ्यायची. ही नक्कल म्हणजे मेसेंजर आरएनए. करोनाच्या लशींमुळे हे नाव आता घराघरांत माहीत झालं आहे. पण अडचण अशी की, नक्कल आहे अक्षरांत आणि प्रथिन बनतं अमिनो आम्लांच्या माळेतून. एकाची भाषा दुसऱ्याला समजत नाही. मधे दुभाष्या लागणार, असा तर्क फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ साली केला आणि दोन-तीन वर्षांतच तो दुभाष्या सापडला. त्याचं नाव ट्रान्सफर आरएनए. सत्तर ते नव्वद अक्षरांचा हा लहानसा रेणू. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरं वाचण्याची सोय असते, आणि दुसऱ्या टोकाला त्या तीन अक्षरांच्या अर्थाचं अमिनो आम्ल अडकवलेलं असतं.

हा दुभाष्या पहिल्यांदा अक्षर न्‌ अक्षर वाचला गेला तो यीस्टमधलाच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट होली यांनी बेकरीत वापरतात त्या यीस्टचा तब्बल १४० किलोंचा साठा घेतला. त्यातून सगळ्या प्रकारचे मिळून २०० ग्रॅम ट्रान्सफर आरएनए निघाले, आणि त्यातून ॲलनिन या अमिनो आम्लाचा दुभाष्या वेगळा काढला तेव्हा हाती आला १ ग्रॅम. त्या एका ग्रॅमवरून १९६५ साली त्यांनी त्याची सगळी ७७ अक्षरं ओळीने लावून दाखवली. १९६८चं नोबेल त्यांना मिळालं, सोबत मार्शल निरेनबर्ग आणि आपले हरगोबिंद खोराना. खोरानांनी पुढे १९७० साली याच यीस्टच्या दुभाष्याचं जनुक प्रयोगशाळेत बांधून काढल्याचं जाहीर केलं. माणसाने हाताने बांधलेलं ते पहिलं जनुक. पंजाबातल्या खेड्यातला मुलगा आणि बेकरीतलं यीस्ट यांची ही गाठ मला फार आवडली.

पण मुलीचा खरा विषय पुढेच होता. हा दुभाष्या जन्मतः कामाचा नसतो. देवळालीच्या पुढचंच स्टेशन नाशिकरोड. तिथे १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे, हे वाचकांना सांगायला नको. तिथे कागदावर छाप उठला म्हणजे नोट झाली, असं होत नाही. मोठा ताव छापला जातो, तपासला जातो, त्यावर क्रमांक पडतात, तो कापला जातो, आणि मग ती नोट आमच्यासारख्यांच्या हाती येते. ट्रान्सफर आरएनएचंही तसंच. जनुकावरून उतरलेली प्रत पुढेमागे लांबलेली असते. एक एन्झाइम येतं आणि पुढचा भाग कापतं. दुसरं येतं आणि शेपूट कापतं. तिसरं येतं आणि शेपटीच्या जागी सी, सी, ए ही तीन अक्षरं जोडतं, कारण अमिनो आम्ल त्या शेवटच्या ‘ए’लाच अडकतं. मी बँकवाला, मला ते ‘सीए’ची सही घेतल्यासारखं वाटलं. आणखी डझनावारी एन्झाइमं येऊन ठिकठिकाणच्या अक्षरांवर रासायनिक खुणा उठवतात.

या खुणा दिसायला किरकोळ, पण किती मोलाच्या त्याचं एक उदाहरण ऐका. ‘स्यूडोयुरिडिन’ नावाचं बदललेलं अक्षर ट्रान्सफर आरएनएत असतंच असतं. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या दोघांनी २००५ साली दाखवलं की, परक्या आरएनएवर तुटून पडणारी शरीराची संरक्षक यंत्रणा अशा खुणा असलेल्या आरएनएला मात्र सोडून देते. लशीसाठी बनवलेल्या आरएनएत त्याच अक्षराचं किंचित बदललेलं रूप घातलं आणि तोही निमूट आत शिरला. करोनाच्या काळात जगभर दिल्या गेलेल्या मेसेंजर आरएनएच्या लशी या शोधावर उभ्या राहिल्या आणि २०२३चं नोबेल त्या दोघांना मिळालं. शिक्का असेल तर आत या, नसेल तर बाहेर. आमच्या बँकेत याहून वेगळं काय होतं?

आता सगळ्यात नाजूक काम. यीस्टमध्ये ट्रान्सफर आरएनएची पावणेतीनशेच्या आसपास जनुकं आहेत. त्यातल्या साठेक जनुकांत, ऐन मधोमध, नको असलेली काही अक्षरं घुसलेली असतात. ती सापडली कशी, याची गोष्ट आपल्या मुंबईला शिवून जाते. जनुकाच्या वाक्यात चुकून मधेच पूर्णविराम पडला तर प्रथिन अर्धवट राहतं. पण काही जीवाणूंत हा चुकीचा पूर्णविराम ओलांडून वाक्य पुरं करण्याची युक्ती असते. ही गोष्ट ॲलन गॅरेन आणि ओबेद सिद्दिकी यांनी अमेरिकेत दाखवली, १९६२ साली. त्याच वर्षी होमी भाभांच्या बोलावण्यावरून सिद्दिकी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि रेण्वीय जीवशास्त्राचं काम त्यांनी तिथे उभं केलं. ती युक्ती करणारा बहुतेक वेळा एखादा बदललेला ट्रान्सफर आरएनएच असतो, हे पुढे उलगडलं. यीस्टमधल्या अशाच एका युक्तीबाज दुभाष्याचं जनुक सिएटलच्या शास्त्रज्ञांनी १९७७ साली वाचलं, तेव्हा त्यात १४ अक्षरं जास्तीची निघाली. दुभाष्यात ती नव्हती. म्हणजे मधल्या वाटेवर कुणीतरी ती कापून काढत होतं आणि दोन टोकं पुन्हा सांधत होतं.

ती कात्री म्हणजे चार प्रथिनांचा एक संच. त्यातली दोन पाती कापतात आणि उरलेली दोन त्यांना जागेवर धरून ठेवतात. ही चारही प्रथिनं १९९७ साली यीस्टमधून वेगळी करून ओळखली गेली. यीस्टमध्ये या कात्रीचं दुकान केंद्रकाच्या बाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेच्या पाठीवर थाटलेलं असतं. कापल्यानंतर दुसरं एन्झाइम टोकं जोडतं आणि तिसरं सांध्यावरचा जादा खडा काढून तो गुळगुळीत करतं.

मी विचारलं, “पण कात्रीला कळतं कसं, कुठे कापायचं? प्रत्येक दुभाष्यातली जास्तीची अक्षरं वेगळी, कुठे चौदा, कुठे साठ.” मुलगी म्हणाली, “ती ते वाचतच नाही बाबा. शिंपी बाहीचं माप कापडाच्या नक्षीवरून घेतो का? खांद्यापासून टेप लावतो.” जॉन ॲबल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९८८ साली हे प्रयोगाने दाखवलं. दुभाष्याच्या दांड्यात एखाद-दुसरी जोडी वाढवून त्यांनी तो किंचित लांब केला, तर कापण्याची जागाही तितकीच सरकली. म्हणजे ही कात्री दुभाष्याची सगळी अक्षरं वाचत बसत नाही. ती त्याचा आकार हाताने चाचपते. तो दुमडून इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा दिसतो, हे १९७३-७४ साली यीस्टच्याच दुभाष्यावरून कळलं होतं. त्या आकाराला खांद्याशी धरून ती ठरलेलं अंतर मोजते आणि कापते.

हे ऐकताना मला आमचे एक जुने हेड कॅशियर आठवले. नोटांची गड्डी त्यांच्या अंगठ्याखालून सरसर जायची आणि एका नोटेपाशी अंगठा थांबायचा. ती खोटी असायची. ते नोट वाचत नसत. कागदाचा पोत, कडेची धार, एखादी ठरावीक रेघ, बस्स. पेशीतही ओळख अशीच पटते. ॲलनिनचा दुभाष्या कोणता, हे ॲलनिन जोडणारं एन्झाइम कशावरून ओळखतं? या मिंग हौ आणि पॉल शिमेल यांनी १९८८ साली जीवाणूंवर प्रयोग करून दाखवलं की, तिसरं अक्षर ‘जी’ आणि त्याच्यासमोर सत्तरावं अक्षर ‘यू’ ही एक बेढब जोडी पुरेशी असते. एरवी ‘जी’समोर ‘सी’ बसायचा. ही जोडी दुसऱ्या दुभाष्यात घातली तर त्यालाही ॲलनिन चिकटतं. गंमत म्हणजे होलींनी १९६५ साली लावलेल्या यीस्टच्या ७७ अक्षरांत ती जोडी होतीच. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तिचा अर्थ लागायला तेवीस वर्षं गेली.

यातूनही जो दुभाष्या नीट घडला नाही, खुणा कमी पडल्या, घडी सैल राहिली, त्याला पेशी गाठते आणि फाडून टाकते. फाटक्या नोटा आम्ही रिझर्व्ह बँकेकडे नष्ट करायला पाठवायचो, तसंच हे. इतकी काटेकोर व्यवस्था, आणि तीही बेकरीतल्या एका कणाच्या आत!

“हे सगळं यीस्टमध्ये,” मी म्हणालो. “माणसाचं काय?” आणि इथे मुलीचा आवाज थोडा बदलला. तीच चार पात्यांची कात्री माणसातही आहे. २००४ साली ती सापडली, यीस्टमधली आधी माहीत होती म्हणून सापडली. आणि २००८ साली नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की, काही तान्ह्या मुलांच्या एका आजारात याच कात्रीच्या जनुकात दोष असतो. मेंदूचा मागचा भाग आणि लहान मेंदू नीट वाढत नाहीत. “बाळाला दूध ओढता येत नाही,” ती सांगत होती. “हातापायांच्या विचित्र हालचाली होतात, फिट्स येतात, डोकं वाढत नाही...”

मी हातातला कप खाली ठेवला.

तिला तिच्या आत्याच्या पहिल्या बाळाची माहिती ओझरतीच होती. मी तिला सगळं सांगितलं. ग्रहण, ताप, विळी, पाव, ओसरी. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने. ती गप्प बसून ऐकत राहिली. मग मी तो प्रश्न विचारला, “त्या बाळाला हेच झालं होतं का?”

“ते आता कुणीच सांगू शकणार नाही बाबा,” ती म्हणाली. “अशी लक्षणं बऱ्याच आजारांत असतात. कधी जनुकात दोष असतो, कधी गर्भारपणात संसर्ग झालेला असतो, कधी जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडतो. पण ती यादी तुम्ही कितीही लांबवा, तिच्यात ग्रहण येत नाही. विळी येत नाही. आणि हा कात्रीचा आजार असेल, तर तो आईवडील दोघांकडून येतो. दोघांकडे एकेक सदोष प्रत असते आणि एकेक चांगली, म्हणून दोघं ठणठणीत असतात. बाळाला दोन्ही सदोष मिळाल्या तरच तो होतो. प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. आणि ते गर्भ राहतो त्या क्षणीच ठरलेलं असतं. सातव्या महिन्यात पाव कापून त्यात काय बदलणार?”

खरं सांगतो, ग्रहणाचा नि बाळाचा संबंध नाही हे मला काय आजवर ठाऊक नव्हतं? मी शिकलेला माणूस. भाषणांतून अंधश्रद्धेवर बोललेलो आहे. पण ‘तसा काही संबंध नसतो’ हे सांगणं वेगळं आणि खरा संबंध कशाकशाचा असू शकतो ते दाखवणं वेगळं. नुसतं ‘नाही’ म्हटल्याने माणसाच्या मनातली जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेत दोष पुन्हा येऊन बसतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या जागी ठेवायला काहीतरी मिळालं. एका बाईला जन्मभर ‘तू कापलंस’ म्हणून ऐकावं लागलं. आणि इथे असा आजार समोर होता, ज्यात दोष असलाच तर पेशीतली एक कात्री नीट कापत नाही, हाच!

भाऊबीजेला ताई आली. सत्तरीला टेकली आहे, गुडघे दुखतात, पण ओवाळायला स्वतः येते. भावजी जाऊन चार वर्षं झाली. ओवाळणं झालं, फराळ झाला, मुलगी मुद्दाम आत गेली, आणि मी ताईला सगळं सांगितलं. यीस्ट, दुभाष्या, कात्री. मला वाटलं होतं तिला कंटाळा येईल. तिने एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, “म्हणजे दोघांकडून?”

“हा आजार असेल तर दोघांकडून. पण दुसरं काहीही असो, तुझ्या कापण्यावरून नाही.”

ती बराच वेळ निरांजनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हे त्यांना कळायला हवं होतं रे. ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण ग्रहण आलं की आदल्या रात्री विळी उचलून माळ्यावर ठेवायचे. मी काही विचारायची नाही, ते काही सांगायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी खाली काढून द्यायचे. चाळीस वर्षं.”

मला पुढचं बोलणं भाग होतं. “ताई, तो पाव माझ्यासाठी कापला होतास. त्या दिवशी मी ओसरीवर होतो. ऐकत होतो. बोललो नाही.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “तुझी सावली दिसत होती दारात. तू बोलला असतास तर तुझंही नाव झालं असतं. दोघांची नावं कशाला?”

सत्य इतक्या उशिरा सांगितल्याने काय साधतं, असा प्रश्न मला पडला होता. आता पडत नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरात असं एखादं बाळ होऊन गेलं असेल, तर आज ४५ वर्षांपूर्वीसारखी परिस्थिती नाही. आनुवंशिक आजारांचा सल्ला देणारे डॉक्टर आता मोठ्या शहरांतून आहेत. रक्ताच्या तपासणीवरून अशा अनेक आजारांचं जनुक सापडू शकतं, पुढच्या बाळाबद्दल वेळीच बोलता येतं. औषध नसलं तरी कारण कळतं. आणि कारण कळलं, की निदान आरोपीच्या पिंजऱ्यातून आईला खाली उतरवता येतं. तेवढं तरी आपण करू शकतो. त्यासाठी यीस्टचा अभ्यास करावा लागत नाही. तो प्रश्न विचारला जात असताना ओसरीवर गप्प बसून राहायचं नाही, एवढंच करावं लागतं.

निघताना ताईने माझ्या मुलीला विचारलं, “आता सूर्यग्रहण कधी आहे गं आपल्याकडे?” तिने फोनवर बघून सांगितलं, २ ऑगस्ट २०२७, संध्याकाळच्या सुमाराला, खंडग्रास. “पण आत्या, ऐन पावसाळा. ढगांमुळे दिसेलच असं नाही.”

“न दिसेना का,” ताई चपला घालत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “त्या दिवशी मी इकडे येते. बेकरीतून अख्खा पाव आणून ठेव. आणि विळी नीट धार लावून ठेव, तुझ्या घरची नेहमी बोथट असते.”